ऑपरेशननंतरची पुडी

प्रोस्टेटचं ऑपरेशन करून माणूस बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून घरी येतो. दोन-तीन महिन्यांत लघवी ताब्यात येते, आणि मग घरात कुणाला विचारता येत नाही अशी एक काळजी उरते: ताठरता परत येईल का? फसवणारा नेमका त्याच सुमारास गाठतो. बसस्टँडवर नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणी अनोळखी सज्जन 'आमच्या काकांनाही असंच झालेलं' म्हणत वैद्याकडे घेऊन जातो. चूर्ण स्वस्तच असतं. त्यात घालायचं भस्म ग्रॅमवर, आणि ग्रॅमचा भाव कळतो सगळं कुटून एकत्र झाल्यावर. आता परत कसं घेणार?

ऑपरेशन कोणतं झालं, हे मात्र वैद्य विचारत नाही. वाढलेली प्रोस्टेट दुर्बिणीतून खरवडली असेल, तर ताठरता सहसा शाबूत राहते. वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं आणि लघवीतून निघून जातं. त्याला औषध लागत नाही. 'धातू आटला' म्हणून पुडी खपवतात ती यावरच. कॅन्सरसाठी अख्खी प्रोस्टेट काढली असेल तर गोष्ट वेगळी. ताठरतेच्या नसा तिच्या दोन्ही बाजूंना चिकटून जातात. सर्जनने त्या वाचवल्या तरी ताणाने दुखावतात, आणि सावरायला ६ महिने ते २ वर्षं घेतात. तीन महिन्यांचा 'कोर्स' पुन्हा पुन्हा विकायला एवढा अवधी पुरतो: सुधारलं तर पुडीचा गुण, नाही सुधारलं तर तुम्ही पथ्य मोडलं.

पुडीने तासाभरात गुण आला तर जास्त सावध व्हा. अशा चूर्णांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, कुटून घातलेलं वारंवार सापडलं आहे. किती मिलिग्रॅम, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हृदयरोगी छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतात, त्याच्याशी गाठ पडली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो.

सिल्डेनाफिलचीच गोळी यूरॉलॉजिस्ट हृदयाची औषधं विचारून लिहून देतात: बहुधा ५० मिलिग्रॅमपासून, तासभर आधी, जड जेवणावर नाही. दोन्ही बाजूंच्या नसा कापल्या गेल्या असतील तर ती फारशी चालत नाही. मग व्हॅक्यूम पंप, लिंगात टोचायचं इंजेक्शन, शेवटी ऑपरेशन करून आत बसवायचा इम्प्लांट.

नपुंसकत्व बरं करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे, त्यामुळे वैद्याचं पत्रक हाच पुरावा. ते आणि उरलेली पुडी अन्न व औषध प्रशासनाकडे द्या. छातीत दुखून १०८ बोलवावी लागली, तर लाज सोडून पुडीचं आधी सांगा. नाहीतर तिथेही जिभेखाली तीच सॉर्बिट्रेट ठेवतील.