काळ्या पट्ट्यांसकट ‘कागज के फूल’

जुन्या डिस्क विकणाऱ्या गाड्यावर ही डीव्हीडी दीडशे रुपयांना मिळाली. पैसे देण्याआधी कव्हर उलटून मागची बारीक अक्षरं वाचली, कारण याच सिनेमाच्या बाबतीत मी एकदा फसले आहे. माझ्याकडे याची दोन डिस्कची व्हीसीडी आहे, जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाने कापलेली. ‘वक्त ने किया’ गाण्यात रिकाम्या स्टुडिओत गुरुदत्त एकीकडे, वहिदा दुसरीकडे आणि मध्ये उजेडाचा झोत. व्हीसीडीत बहुतेक वेळा दोघांपैकी एकच जण दिसतो! ते गाणंच त्या दोघांमधल्या अंतराचं आहे, आणि कापलंय नेमकं तेच.

१९५९ चा हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. चित्राची रुंदी उंचीच्या जवळजवळ २.३५ पट, जुन्या टीव्हीची १.३३ पट. पडदा पूर्ण भरायचा हट्ट धरला की चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र बाहेर जातं.

माझे वडील तालुक्याच्या थिएटरात ऑपरेटर होते, त्यामुळे स्कोप हा शब्द मी लहानपणापासून ऐकतेय. स्कोपच्या फिल्मवर चित्र आडवं दाबून निम्मं केलेलं असतं. प्रोजेक्टरची खास लेन्स ते पुन्हा दुप्पट रुंद करते. अण्णा ती लेन्स मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचे, आम्हा पोरांना हात लावू द्यायचे नाहीत. एकदा फिल्मचा तुटका तुकडा त्यांनी खिडकीशी धरून दाखवला होता. त्यातली माणसं काठीसारखी लांबुडकी.

या डीव्हीडीत चित्र पूर्ण रुंदीचं आहे. व्ही. के. मूर्तींचा कॅमेरा मला पहिल्यांदा नीट दिसला तो इथे. प्रिंटवर ओरखडे आहेत, दोन ठिकाणी आवाज खरखरतो, ते मी सोडून देते. खरी तक्रार वेगळी आहे. चित्र चौकोनी चौकटीतच वर-खाली काळ्या पट्ट्या टाकून बसवलंय. त्यामुळे आजच्या रुंद टीव्हीवर चारही बाजूंनी काळं दिसतं. रिमोटवरचं झूम दाबलं की चित्र मोठं होतं, पण थोडं धूसर होतं: डिस्कवरची चौकट ५७६ आडव्या रेषांची, त्यापैकी चित्राच्या वाट्याला येतात जेमतेम ३२६, बाकीच्या काळ्या पट्ट्यांत जातात. हेच १६:९ साठी, म्हणजे आजच्या रुंद टीव्हीच्या मापाने बनवलं असतं तर ४३६ आल्या असत्या. एवढ्या सुंदर छायाचित्रणाला कंपनीने तेवढं तरी द्यायला हवं होतं.

रविवारी अण्णांना लावून दिली. गाणं सुरू झालं तशी त्यांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. “हां, दोघं आहेत,” एवढंच म्हणाले आणि पुढे शेवटपर्यंत बोलले नाहीत.

दीडशेला जरूर घ्या. कव्हरवर १६:९ छापलेली प्रत हाती लागली तर मात्र ही सोडून ती उचला. वर-खाली काळ्या पट्ट्या त्यातही राहतील, त्या असायलाच हव्यात.