व्हीआर तालमीचे आठ महिने: सगळं जमलं, नजर जमेना

परवा तिसरा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवला की संगणकातलं आभासी जग दिसतं ते यंत्र) गेला. डाव्या डोळ्यासमोर नुसता काळोख. सर्व्हिसवाल्यांनी "वॉरंटी संपली, नवीनच घ्या" म्हणत हात वर केले, उघडूनसुद्धा बघितला नाही. सेकंड हँड असला तरी मंडळाच्या वर्गणीतून घेतलेला आहे, जीव तुटतो. म्हणून एकदाचा अनुभव लिहून टाकतोय.

आमच्या नाटकातला मुलगा नोकरीला पुण्यात, आई खानापूरला, मी बेळगावात टिळकवाडीत. दर आठवड्याचं गाडीभाडं झेपेना, तेव्हा मंडळातल्या इंजिनिअर पोरानं युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आमचा रंगमंच उभा केला, म्हणजे आपापल्या गावातून हेडसेट चढवून तालीम करता येईल. नाट्यगृहात जाऊन टेपनं मापं मी घेतली: विंगेपासून पलंग साडेसात फूट, पलंगाची उंची दीड फूट. नेट फोरजीचं पुरलं. व्हिडिओ जातच नाही. डोकं आणि दोन हात कुठं आहेत तेवढं आणि आवाज जातो. बाकीचं शरीर सॉफ्टवेअर अंदाजानं काढतं.

डोळेही अंदाजानंच. इथंच घोडं पेंड खातं.

दुसऱ्या अंकात मुलगा घर सोडून चाललोय म्हणतो आणि आई तांदूळ निवडत राहते. त्याच्याकडे बघत नाही. अख्खा प्रवेश त्या न बघण्यावर उभा आहे. आईचं काम करणाऱ्या मावशी खानापुरात खरंच मांडीवर ताट घेऊन, खाली बघत बसलेल्या. पण हेडसेटमधली आई खालमानेनं डोळे वर करून मुलाकडे बघतेय! बोलणाऱ्याकडे बुबुळं वळवायची, असं त्या बाहुलीत घातलेलंच होतं. मुलाचं काम करणारा पोरगा म्हणाला, "मावशी, तुम्ही बघताय हो, मला पुढचं वाक्यच सुचत नाही." मी ते बंद करायला लावलं. मग डोकं जिकडं तिकडं डोळे, आणि नजरेचं काम दोघांची मान करायला लागली. ती खोड मोडायला दोन आठवडे गेले. तेव्हा विचारलं असतं तर घेऊ नका असंच सांगितलं असतं.

रंगीत तालमीला मत बदललं. पोरगा त्या रंगमंचावर पहिल्यांदाच पाय ठेवत होता. ब्लॅकआउटमध्ये विंगेतून निघाला, कुठंही न चाचपडता पलंगाच्या कडेला येऊन बसला. दिवा लागला तेव्हा हात उशीवर, बरोब्बर जागेवर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बाकी, अर्ध्या किलोच्या वजनानं मावशींची मान वीस मिनिटांत भरून येते आणि पावसाळ्यात भिंगांवर वाफ धरते. सुती फडकं जवळ ठेवा.

बुबुळं टिपणारे हेडसेट मिळतात, पण वर्गणीत बसत नाहीत. आता चाली आणि जागा व्हीआरमध्ये बसवतो, तांदळाचा प्रवेश मात्र महिन्यातून एका रविवारी समोरासमोर. पोरगा शनिवारी रात्रीची बस धरतो.

बेळगाव-निपाणी-कोल्हापूर पट्ट्यात हेडसेट उघडून दुरुस्त करणारं कुणी माहीत असेल तर कृपा करून कळवा.