सीडर-रिव्हरसाइडचं क्लिनिक: पाचपैकी चार, एक स्टार फोनवरच्या दुभाष्यामुळे गेला

सीडर-रिव्हरसाइड म्हणजे अमेरिकेत मिनियापोलिसमधली सोमाली लोकांची वस्ती. खरं तर तिथलं हे क्लिनिक माझं नाहीच, शेजारच्या सोमाली आजीला, एड्डोला, गाडीतून नेते म्हणून पाचेक वेळा तिथल्या वेटिंगमध्ये बसलीये तेवढंच. पण आपल्या ग्रुपवर परवा कोणीतरी विचारलं ना, आईबाबा सहा महिन्यांसाठी येतायत, व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुनं बीपी-शुगर धरत नाहीत, मिनियापोलिसमध्ये परवडेल असं कुठे दाखवायचं, म्हणून लिहितेय. व्हिजिटरना घेतात का ते आधी फोन करून विचारा, मला माहिती आहे ती इथे राहणाऱ्यांची. आणि नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारही आहे आणि तिथली माणसं बिचारी चांगली आहेत.

एड्डो म्हणजे सोमालीत आत्या. बिल्डिंगमधले सगळे तिला तशीच हाक मारतात म्हणून मीही. वय साठीच्या पुढे, शुगर आणि बीपी दोन्ही.

आधी ती एका मोठ्या हॉस्पिटलात जायची, तिथे दुभाष्या मिळायला वेळ लागतो म्हणून अकरा वर्षांच्या नातवाला मध्ये बसवायचे. आता आजीला लघवीचा त्रास, ती नातवाला काय सांगणार आणि तो डॉक्टरला काय सांगणार, पोरगा लाजून म्हणाला पोट दुखतंय, झालं, पोटाच्या गोळ्या घेऊन घरी. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला दुभाष्या फुकट द्यावाच लागतो, आणि लहान मुलांना इमर्जन्सी सोडून असं बसवायचं नाही हा नियम 2016 पासूनच आहे, पण पेशंटला हे माहितीच नसतं तर मागणार कोण.

इथे मात्र फ्रंट डेस्कवरच सोमाली बोलणारी मुलगी आहे आणि आत एक कम्युनिटी हेल्थ वर्कर, म्हणजे आपल्याकडची आशाताई समजा. माझ्या मते अख्खं क्लिनिक या बाईवर चालतं. तिनेच शोधून काढलं की एड्डो बीपीची गोळी रोज घेतच नव्हती! सोमालीत हाय बीपीला म्हणतात डीग कर, शब्दशः रक्त उकळणं, मग ज्या दिवशी डोकं तापल्यासारखं वाटेल त्या दिवशी गोळी आणि बाकी दिवशी नाही, तिच्या हिशोबाने बरोबरच होतं की. वर्षभर डॉक्टर डोस वाढवत होते आणि कोणी विचारलंच नाही की बाई गोळी घेतेस कधी. (माझ्या सासूबाईंचंही असंच, चक्कर आली की गोळी, त्यामुळे हसू नका.)

खाण्याचंही तसंच. आधीच्या ठिकाणी क्विनोआ आणि केलचा कागद हातात दिलेला. इथली डॉक्टर म्हणाली अंजेरो खा पण दोनच, आणि शाहमधली साखर निम्मी कर. अंजेरो म्हणजे आपल्या आंबोळीची सख्खी बहीण, आणि शाह म्हणजे वेलची-दालचिनी घातलेला चहा, पण इतका गोड की मला अर्धा कपही जात नाही. रमजानच्या महिनाभर आधी मुद्दाम बोलावून गोळ्यांच्या वेळा इफ्तार आणि सहरीला बांधून दिल्या, शुगर किती खाली गेली की रोजा सोडायचा तेही सांगितलं.

लहान मुलांच्या लसीची चौकशी करणाऱ्या आया तिथे खूप दिसतात. मिनेसोटात जन्मलेल्या सोमाली मुलांमध्ये गोवराची एमएमआर लस घेण्याचं प्रमाण 2004 मध्ये 92 टक्के होतं, ते 2014 पर्यंत 42 वर आलं, कारण लसीने ऑटिझम होतो ही भीती, आणि ती पसरवणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड स्वतः इथे येऊन सभा घेऊन गेला. मग 2017 मध्ये गोवराची साथ, 75 केसेस, बहुतेक याच समाजातली लस न घेतलेली मुलं. क्लिनिकमध्ये यावर कोणी आयांना ओरडत नाही हे मला आवडलं. एकीला डुकराच्या जिलेटिनची शंका होती, तर नर्सने शांतपणे सांगितलं की एका कंपनीच्या लसीत असतं, दुसरीच्यात नसतं, ती मागवता येईल.

आता तक्रार. मागच्या महिन्यात आशाताई सुट्टीवर, तर फोनवरचा दुभाष्या लावला. एड्डो सोमालियातल्या बैदोआ शहराकडची, तिची बोली 'माय' (Maay) नावाची, आणि फोनवरचा माणूस राजधानीकडची सोमाली बोलणारा. म्हणजे कोकणी म्हातारीला हिंदी दुभाष्या देण्यासारखं झालं, दोघं एकमेकांना "हां हां" करत राहिले आणि वीस मिनिटांत औषध बदललं की नाही तेच कळेना! वरून लाइन दोनदा कट. अपॉइंटमेंट घेताना भाषा नुसती "सोमाली" लिहू नका, 'माय' बोलीचा दुभाष्या पाहिजे असं स्पष्ट सांगा. मराठीवाल्यांनीही सांगा, नाहीतर इंडियन म्हटलं की हिंदी लावून देतात, माझ्या आईच्या बाबतीत दुसरीकडे झालंय.

पैशांचं: इन्शुरन्स नसेल तर पगाराची स्लिप न्या, उत्पन्नाप्रमाणे फी लावतात, गरिबी रेषेच्या दुपटीपर्यंत सवलत मिळते, रेषेखाली असाल तर अगदी नाममात्र. मिनेसोटाकेअर, म्हणजे राज्य सरकारचा कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा हेल्थ इन्शुरन्स, 2025 मध्ये इथे राहण्याचे कायदेशीर कागद नसलेल्या मोठ्यांनाही मिळत होता, 2026 पासून त्यांचा बंद झाला, मुलांचा चालू आहे, त्यामुळे आता क्लिनिकच्या या सवलतीच्या खिडकीवर रांग वाढलीये. वेटिंग पाऊण तास धराच. पार्किंगच्या नादी लागू नका, ब्लू लाइन ट्रेनचं स्टेशन जवळ आहे.

दाताची अपॉइंटमेंट मागितली तर दोन महिन्यांनंतरची मिळाली, तीही सकाळी आठची. एड्डो म्हणाली तू येशील ना, म्हटलं येते, पण चहा साखर कमी घालून.