कॅमरीचं नवं रूप, पत्र्याचं काम करणाऱ्याच्या नजरेतून

गाडी बघताना मी समोरून सुरुवात करत नाही. मागच्या चाकाजवळ उकिडवा बसतो, नजर पत्र्याला समांतर आणतो आणि दारांवर पडलेली ट्यूबलाइटची रेघ बघतो. रेघ दिव्यासारखी सरळ धावली तर पत्रा धड आहे. कुठे थरथरली तर तिथे आधी कुणीतरी पुट्टी, म्हणजे खळगा बुजवायचा लेप, भरली आहे, किंवा डेंट नीट उठलेला नाही. सव्वीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय, त्यामुळे नवी गाडी असो की ठोकलेली, माझे डोळे आपोआप त्या रेघेवरच जातात.

मेहुण्याने नवी टोयोटा कॅमरी घेतली आणि लगेच त्याला कामासाठी बाहेर जावं लागलं. पाच दिवस गाडी माझ्याकडे होती. योगायोगाने त्याच आठवड्यात आधीच्या पिढीची, म्हणजे २०१७ साली आलेली कॅमरी माझ्या एका मित्राने पॉलिशला आणली होती. दोन्ही शेजारी शेजारी, एकाच ट्यूबखाली उभ्या केल्या. अशी संधी रोज मिळत नाही, म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. नवी कॅमरी कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये दाखवली आणि तिला नवी पिढी म्हटलं. पण खालचा पाया तोच आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दोन्ही गाड्यांत २८२५ मिलिमीटर. मी टेप लावला नाही, पण शेजारी उभ्या केल्या की बांधा एकच आहे हे कळतं. म्हणजे बघणाऱ्याच्या दृष्टीने हा रूपबदलच आहे, फक्त खूप मोठा. तो वाईट अर्थाने घेऊ नका. चांगल्या सांगाड्यावर नवा पत्रा चढवणं हे अवघड काम आहे आणि ते नीट जमलं तर मला त्याचं जास्त कौतुक वाटतं.

जुन्या गाडीवर ट्यूबची रेघ पुढच्या फेंडरपासून, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यापासून निघते, दारांवर बरी चालते आणि छत धरणाऱ्या मागच्या खांबाशी येऊन गोंधळते. तिथे पत्रा मुडपलाय, एक वळण दुसऱ्यात घुसलंय. दिसायला ते जोरकस आहे, आणि २०१७ मध्ये कॅमरीला तसाच जोर हवा होता, कारण त्याआधी लोक तिला निव्वळ सरळमार्गी गाडी समजत. नव्या गाडीवर तीच रेघ न अडखळता मागच्या दिव्यापर्यंत जाते. दारांच्या खालच्या भागात एक खोलगट वळण आहे, ते मागच्या चाकाकडे वर चढतं, बस. मी तिच्यावरून तळवा फिरवला, मऊ फडकं मध्ये धरून, जसा आम्ही प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मारल्यावर फिरवतो. फडक्यामुळे तळवा सरकतो आणि केसाएवढा उंचवटाही कळतो. हात कुठेच थबकला नाही.

हे एवढ्या बारकाईने का सांगतोय? घरची गाडी ही ठोकली जाणारी गाडी असते. शाळेच्या फाटकाशी, पार्किंगच्या खांबाला, शेजाऱ्याच्या स्कूटरला. सपाट किंवा हळूहळू वळणाऱ्या पत्र्यावरचा डेंट आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून, बाहेरून हलक्या हाताने ठोकून उठतो, पुट्टी कागदाएवढी लागते. धारदार घडी बसलेल्या दाराला डेंट गेला की ती घडी परत तशीच उभी करणं हे कारागिराची परीक्षा बघणारं काम. पत्रा ताणला जातो, घडी बोथट होते, आणि मग ती पुट्टीने कोरावी लागते. ऊन-पावसात काही वर्षांनी तिथेच पहिली चीर जाते. रूप बदलणाऱ्यांनी रेघा कमी केल्या की मालकाचे पुढच्या दहा वर्षांतले कित्येक हेलपाटे वाचतात. नव्या कॅमरीचं मला सगळ्यात जास्त पटलेलं काम हेच.

रूपबदल करताना बंपर, ग्रिल, दिवे आधी का बदलतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बंपर प्लास्टिकचा, त्याचा साचा पत्रा दाबून घडवायच्या साच्यापेक्षा, म्हणजे डायपेक्षा, स्वस्त. दार बदलायचं तर बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, काच, रबर, बिजागरी सगळ्याचं गणित पुन्हा मांडावं लागतं. छत आणि खांब हा तर माणसांभोवतीचा पिंजरा. त्याला हात लावला की धडकेच्या चाचण्या पुन्हा आल्या. म्हणून बहुतेक कंपन्या चेहरा बदलतात आणि छताला धक्का लावत नाहीत.

कॅमरीनेच याचं टोकाचं उदाहरण घालून दिलंय. एप्रिल २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात २०१५ चं मॉडेल दाखवलं, तेव्हा पिढी तीच होती, तीन वर्षांची. पण बाहेरचा जवळपास सगळा पत्रा नवा केला होता, छत तेवढं जुनं. दोन हजारांवर भाग बदलले, लांबी सुमारे ४५ मिलिमीटरने वाढली. माझ्यासारख्याला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट फोटोत दिसणारी नव्हतीच. दारांच्या चौकटीला जास्तीचे स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके, दिले होते. चौकट घट्ट झाली की खड्ड्यातून जाताना गाडी कुरकुरत नाही आणि दार पहिल्या दिवशी जसं लागायचं तसंच पुढेही लागतं. नवा चेहरा देताना हाडंही मजबूत केली, याला मी रूपबदल म्हणतो.

याच्या उलट आठवण फोर्ड टॉरसची. १९८६ च्या मॉडेलने अमेरिकेतली घरगुती सेडान कशी दिसावी हेच बदलून टाकलं. चौकोनी खोक्यांच्या गर्दीत ती गुळगुळीत, वाऱ्याला वाट देणारी गाडी होती. १९९२ मध्ये दारं सोडून जवळपास सगळा पत्रा बदलला, पण ओळख तशीच ठेवली. त्याच वर्षापासून १९९६ पर्यंत ती तिथली सर्वाधिक खपाची कार राहिली. मग १९९६ चं मॉडेल आलं आणि सगळीकडे लंबगोल. दिवे लंबगोल, मागची काच लंबगोल, आत रेडिओ आणि एसीची बटणंही एका लंबगोल पट्टीत. १९९७ मध्ये पहिला नंबर कॅमरीकडे गेला. घसरणीला फक्त रूपच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण २००० साली फोर्डने ते लंबगोल स्वतःच आवरते घेतले आणि छताची रेषा उंच केली, यातच काय ते आलं. त्या मागच्या काचेकडे मी आजही कामाच्या नजरेने बघतो. काचेभोवतीचा पत्रा इतका वळवला की डिकीचं झाकण आखूड पडल्यासारखं दिसतं. एकच आकार सगळीकडे चालवायचा हट्ट धरला की कुठे ना कुठे माणसाच्या सोयीचा बळी जातो.

नव्या कॅमरीच्या चेहऱ्याबद्दल आता. टोयोटा या नाकाला हॅमरहेड म्हणते, हातोड्यासारखं डोकं असलेल्या शार्क माशाचं नाव. आधी ते टोयोटाच्याच क्राउन आणि प्रियस या गाड्यांवर आलं, मग इथे. दोन्ही बाजूंना इंग्रजी सी अक्षरासारखे दिवे आहेत आणि मध्ये अरुंद पट्टी. मेहुण्याची गाडी साध्या आवृत्तीतली आहे, ग्रिलला आडव्या पट्ट्या. स्पोर्ट आवृत्तीत मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि बंपरच्या कोपऱ्यांत काळ्या उभ्या खाचा येतात. माझं मत साध्याच्या बाजूने. आडव्या पट्ट्यांमुळे गाडी रुंद आणि जमिनीला धरून वाटते, आणि पाण्याचा पाइप मारला की चिखल निघतो. जाळीतला चिखल ब्रशने एकेक भोक करत काढावा लागतो, हे ज्याने स्वतः गाडी धुतली आहे त्याला सांगायला नको.

फक्त ओळखीचा प्रश्न उरतो. लांबून येताना मला ती क्षणभर प्रियस वाटली. कॅमरी म्हणून एक चेहरा लोकांच्या मनात होता, तो आता घराण्याच्या चेहऱ्यात मिसळला. काहींना ते आवडेल. मला थोडं चुकल्यासारखं वाटलं, खरं सांगतो.

बोनेटबद्दल तक्रारी ऐकतो की आजच्या गाड्यांची नाकं जाड झाली, पूर्वीसारखी सडपातळ राहिली नाहीत. त्याला एक कारण आहे आणि ते चांगलं आहे. रस्त्यावरच्या माणसाला धक्का लागून त्याचं डोकं बोनेटवर आपटलं, तर पत्रा दबायला खाली जागा हवी, लगेच इंजिनचं लोखंड लागता कामा नये. त्या जागेसाठी बोनेट वर उचलावं लागतं. मग ते उंच नाक बारीक दिसावं ही कसरत चित्र काढणाऱ्याची. कॅमरीत ती बारीक दिव्यांनी आणि खाली नेलेल्या ग्रिलने साधली आहे. बोनेट उघडून बघितलं तेव्हा खाली मोकळी जागा दिसली आणि मला बरं वाटलं.

दुरुस्तीच्या बाजूने दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, या रडार आणि कॅमेरा असलेल्या कुठल्याही नव्या गाडीला लागू आहेत. मागच्या बंपरच्या कोपऱ्यात, आतल्या अंगाला, बाजूची गाडी ओळखणारे रडार असतात. तिथे पुट्टीचा थर दिला किंवा मेटॅलिक रंगाचे थरावर थर चढवले तर रडारची नजर धूसर होते. बंपर चकचकीत दिसतो आणि इशारा वेळेवर येत नाही. त्या कोपऱ्याला खोल ओरखडा असेल तर बंपर बदला, माझ्या हातचं काम गेलं तरी चालेल. दुसरं, पुढची काच. तिच्या मागे कॅमेरा आहे. काच बदलली की तो पुन्हा जुळवून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

आणि पूर्ण रुंदीचे मागचे दिवे. सध्या कितीतरी गाड्यांना डिकीवर आडवी लाल पट्टी आली आहे. गेल्या वर्षी माझ्याकडे अशी एक सेडान आली, कंपनीचं नाव लिहीत नाही. दुचाकीचा हँडल लागून पट्टीला नखाएवढी चीर. पाणी आत शिरलं, अर्धी पट्टी विझली आणि सबंध दिवा बदलण्याखेरीज इलाज नव्हता. गाडीच्या मालकाचं कुटुंब समोर उभं, मुलीच्या फीचा महिना होता, आणि मी नुसता हात चोळत होतो. कॅमरीचे मागचे दिवे दोन बाजूंना सुटे आहेत. शोरूममध्ये यावर कुणी बोलणार नाही, म्हणून मी बोलतो.

पाचातले तीन दिवस सासूबाईंना उपचारांसाठी ने-आण करायची होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर बरोबर. घरगुती सेडानचं रूप बघायचं ते इथे. छत मागे उतरतं केलं की फोटोत गाडी धावती दिसते, पण मागच्या दारातून आत जाताना मान वाकवावी लागते. त्यांनी आधी पाठ केली, सीटवर बसल्या, मग एकेक पाय आत घेतला. डोकं लागलं नाही. पाय फिरवायला जागा पुरली. उतरताना मात्र मी हात दिला, कारण सेडान ती सेडान, बैठक खालीच असते. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "या गाडीत मला अवघडल्यासारखं होत नाही." माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

मागच्या सीटकडे दुर्लक्ष केल्याची किंमत शेव्हरोलेच्या मॅलिबूने मोजली आहे. २०१३ चं मॉडेल आलं आणि मागे पाय अडतात अशी टीका सुरू झाली. पुढच्याच वर्षी नवं नाक आणलं, त्याबरोबर पुढच्या सीटच्या पाठी कोरून मागे गुडघ्यांना सुमारे ३२ मिलिमीटर जागा काढली. मुळात ती जागा पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती.

आत फारसं लिहिण्यासारखं नाही, आणि हे मी चांगल्या अर्थाने म्हणतोय. पडदा मोठा झालाय, पण एसीची बटणं बटणंच राहिली, आवाजाला फिरवायची कळ आहे, गिअरचा दांडा नेहमीचाच. मी रात्री अनोळखी रस्त्यावर न बघता एसी कमी केला. इंजिन २.५ लिटरचं, हायब्रिड, म्हणजे पेट्रोलच्या जोडीला बॅटरी आणि विजेची मोटर, आणि कित्येक देशांत आता ही गाडी हायब्रिडखेरीज मिळतच नाही. सिग्नलवरून निघताना आवाज नसतो. हायब्रिड असून डिकी पूर्ण कामाची आहे, बॅटरी मागच्या सीटखाली बसवली आहे. वॉकर आडवा गेला, वर दोन बॅगा गेल्या.

मित्राची जुनी कॅमरी चांगल्या स्थितीत आहे, म्हणून त्याला मी बदल असं सांगितलं नाही. त्याची गाडी पॉलिशनंतर अजून सात-आठ वर्षं सहज जाईल. पण ज्याला आता नवीच घ्यायची आहे, त्याने ही डोळे झाकून नाही, तळवा फिरवून बघावी. आणि रंग निवडताना माझं ऐका. मोत्यासारख्या पांढऱ्यात रूप खुलतं, पण तीन थरांचा तो रंग डेंटनंतर जुळवताना शेजारचं दारही रंगवावं लागतं. चंदेरी रंगात धातूचे कण ज्या बाजूला झोपतात त्यावर छटा ठरते, बंपर आणि फेंडर वेगळे दिसायला लागतात. मेहुण्याने गडद राखाडी घेतली आहे. शेवटच्या संध्याकाळी धुऊन ट्यूबखाली लावली, पुन्हा मागच्या चाकाशी बसलो. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती. किल्ली बहिणीकडे दिली आणि तिला तो मागच्या बंपरचा कोपरा बोट ठेवून दाखवला.