थंडरबर्डचा सेल्फ रिले: कंपनीचा, बाजारातला की हॉर्नवाला?

जुन्या थंडरबर्ड ३५० चा सेल्फ मारल्यावर 'टक' असा एकच आवाज आला आणि पुढे काहीच झालं नाही, की गॅरेजात निकाल ठरलेला असतो: रिले (बटण दाबल्यावर बॅटरी सेल्फच्या मोटरला जोडणारा विजेचा स्विच) गेला, नवीन टाका. नवीन म्हणून पुढ्यात येतं ते तीनपैकी एक. रॉयल एनफिल्डच्या पाकिटातला अस्सल रिले, हुबेहूब तसाच दिसणारा बिननावाच्या डबीतला रिले, आणि काही ठिकाणी तर हॉर्नला किंवा फॉग लॅम्पला लावतात तो चार पिनांचा चौकोनी रिले. आमचं मत आधीच सांगून टाकतो. पहिला डोळे झाकून घ्या, दुसरा तपासून घ्या, तिसरा लावू देऊ नका. पण पाकीट फोडायच्या आधी जुना खरंच गेलाय का ते बघा. इलेक्ट्रिकचा सुटा भाग दुकानदार सहसा परत घेत नाही.

बटणाकडे जाणारी तार बारीक असते. ३५० सीसीचं थंड इंजिन फिरवायला मोटरला पहिल्या झटक्यात शंभर अँपिअरच्या पुढे करंट लागतो, आणि तो हँडलच्या स्विचमधून नेणं शक्यच नाही. म्हणून बटण फक्त रिलेच्या कॉइलला, म्हणजे करंट मिळाला की चुंबक होणाऱ्या तारेच्या गुंडाळीला, तीन-चार अँपिअर देतं. कॉइल आतला प्लंजर (सरकणारा लोखंडी दांडा) ओढते आणि प्लंजरवरची तांब्याची चकती दोन जाड स्टडना (ज्यांना जाड तारा बसतात त्या बोल्टना) एकदम टेकते. बिघाड म्हणून दोन बाजूंनी येतो, कॉइलच्या नाहीतर काँटॅक्टच्या. 'टक' ऐकू आला याचा अर्थ कॉइलची बाजू चालू आहे. कॉइल मेली असती तर आवाजच आला नसता.

आवाज नीट ऐकला तर अर्धं निदान तिथेच होतं. 'टकटकटकटक' असा भराभर आवाज म्हणजे जवळपास नेहमी बॅटरी डाऊन किंवा टर्मिनल सैल. रिले ओढला जातो, मोटर करंट खेचते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, रिले पुन्हा ओढला जातो. यात रिलेचा काही दोष नाही. एकच 'टक' आला तर हेडलाइट चालू ठेवून पुन्हा बटण दाबा. (एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना दिवा आपोआप चालू असतो, आधीच्यांना स्विच मारावा लागेल.) दिवा अगदी मिणमिणता झाला तर बॅटरी कमजोर आहे किंवा मोटर अडकली आहे. दिवा जराही मंद न होता नुसता 'टक' आला तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी रिलेवर संशय घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या आणि मोटरच्या जाड तारेची थिंबलंही (टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्या) हलवून पाहा.

आता मल्टीमीटर काढा, दोनशे-तीनशे रुपयांचा साधा मीटरही पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, आणि १२ च्या खाली असेल तर बाकी काही मोजायच्या आधी चार्ज करा. १४ अँपिअर-तासांची बॅटरी दीड अँपिअरच्या आसपास चार्ज केली तर तिला त्रास होत नाही. सेल्फने इंजिन फिरत असताना बॅटरीवर दहा व्होल्टच्या वर राहायला हवेत. ते आठवर येत असतील तर नवा रिले टाकूनही गाडी तशीच.

रिले सापडत नसेल तर बॅटरीच्या प्लसवरून निघालेल्या जाड तारेचा माग काढा. ती पहिल्यांदा जिथे थांबते तोच रिले. त्याच्या दोन बारीक तारांवर मीटर लावून बटण दाबा. अकरा-बारा व्होल्ट येत असूनही 'टक' नाही, तर कॉइल गेली. व्होल्टच येत नसतील तर दोष रिलेच्या आधी आहे: किल स्विच, सेल्फचं बटण, ज्या गाडीला आहे तिचा क्लच स्विच, नाहीतर रिलेचाच कपलर (बारीक तारांचा प्लग). कोकणात आणि गोव्यात पावसाळाभर चालणाऱ्या गाड्यांचा हा कपलर उघडला की पिनांवर हिरवट पूड हमखास दिसते. ती घासून काढली की बरेच 'गेलेले' रिले जिवंत होतात.

यानंतरचं माप सगळ्यात महत्त्वाचं आणि गॅरेजात सगळ्यात कमी घेतलं जाणारं. मीटर २० व्होल्टच्या रेंजवर ठेवून एक टोक एका जाड स्टडला, दुसरं दुसऱ्या स्टडला लावा आणि सेल्फ मारा. बटण दाबायच्या आधी बारा दिसतील, दाबल्यावर जवळपास शून्य यायला हवं. ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. एखादा व्होल्ट दिसला तर काँटॅक्ट जळालेत, आणि 'टक' होऊनही बारा दिसत राहिले तर चकती स्टडला टेकतच नाही. हेच माप बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या केसिंगपर्यंत घ्या. तिथेही ०.३ च्या वर आलं तर अर्थिंगची तार काढून साफ करा. रंग आणि गंज यांच्यावर थिंबल बसवलेलं असलं की जुन्या बुलेट आणि थंडरबर्ड हा त्रास देतातच.

जुना रिले खोलून दुरुस्त करता येतो का? तळाला रिव्हेट किंवा वळवलेली पत्र्याची कड असेल तर येतो. रेझिन भरलेला असेल तर नाद सोडा. आत चकतीच्या कडेला, जिथे ती स्टडला टेकते तिथे, काळे खड्डे आणि मोहरीएवढे वितळलेल्या तांब्याचे मणी दिसतात. मणी बारीक कानशीने उतरवा, चकती उलटी करून बसवा म्हणजे न झिजलेली बाजू कामाला येते, स्टडची डोकी पॉलिश पेपरने समपातळीत आणा. दोन डोकी वरखाली राहिली तर चकती तिरकी टेकते आणि पुन्हा जळते. स्प्रिंग ताणू नका, जोर वाढला की कॉइलला प्लंजर ओढवत नाही. काम होतं, पण रोजच्या गाडीला हा खटाटोप करण्यात अर्थ नाही. लांबच्या प्रवासात पार्ट मिळत नसेल तर घरी पोचण्यापुरतं ठीक.

आता तिन्ही मालांकडे. कंपनीचा रिले हातात घेतला की स्टड आत पक्का बसलेला जाणवतो. कॉइल ३ ते ५ ओहमच्या दरम्यान भरते, रबरी टोपी आणि कपलर मूळ वायरिंगवर जसेच्या तसे बसतात. तक्रार एकच: २००२ पासून २०२० पर्यंत थंडरबर्डची इंजिनं आणि वायरिंग बदलत गेली, त्यामुळे 'थंडरबर्डचा रिले द्या' एवढ्यावर भागत नाही. इंजिन जुनं एव्हीएल की नंतरचं यूसीई, गाडीचं साल कुठलं ते सांगा, आणि जमलं तर जुना रिले सोबत न्या.

बिननावाचा रिले पुण्यात नाना पेठेतही मिळतो आणि ऑनलाइनही. सगळेच टाकाऊ नसतात, पण डबीवरून काही कळत नाही. स्टडला चुंबक लावून बघा. चिकटला तर वरून तांब्याचा मुलामा असला तरी आत लोखंड आहे, आणि लोखंडाचा विरोध तांब्याच्या पाच-सहा पटींहून जास्त. दुसरी परीक्षा घरी. रिलेच्या स्टडमधून ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब बॅटरीला जोडा, कॉइलला १२ व्होल्ट द्या आणि बल्ब पेटल्यावर दोन्ही स्टडमधलं व्होल्टेज मिलिव्होल्टच्या रेंजवर मोजा. साडेचार अँपिअरला चार-पाच मिलिव्होल्ट आले तर माल चांगला. चाळीस-पन्नास आले तर विरोध दहा मिलिओहमच्या घरात गेला, म्हणजे शंभर अँपिअरला एक व्होल्ट वाया आणि त्या इवल्याशा डबीत शंभर वॅटची उष्णता. तो गाडीला लावू नका. या रिलेत आणि कंपनीच्या रिलेत पैशांचा फरक थंडरबर्डच्या वीस लिटरच्या टाकीच्या निम्म्या पेट्रोलाइतकाही नसतो, म्हणून आम्हाला यात फारसा फायदा दिसत नाही.

चौकोनी रिलेवर ३० किंवा ४० अँपिअर छापलेलं असतं. शंभरचा झटका त्यातून गेला की काँटॅक्ट वेल्ड होतात. रिले बंद पडला तर किक आहे, पण चिकटला तर बटण सोडा, चावी काढा, मोटर फिरतच राहते, कारण जाड तारेचं सर्किट चावीतून जातच नाही. तेव्हा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर ठोका, कधीकधी सुटतो. नाही सुटला तर लगेच बॅटरीचा मायनस काढा. मिनिटभरात ब्रश आणि आर्मेचर करपतात, आणि मोटरचं बिल रिलेच्या कितीतरी पट येतं.

हाच चौकोनी रिले दुसऱ्या जागी मात्र कामाचा. सेल्फचं बटण झिजल्यामुळे कॉइलला नऊ-दहा व्होल्टच पोचत असतील तर बटणाने हा छोटा रिले चालवा आणि त्यातून बॅटरीचा थेट करंट, वाटेत १० अँपिअरचा फ्यूज टाकून, मुख्य रिलेच्या कॉइलला द्या. कॉइलवर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) टाकला, पट्टीची बाजू प्लसकडे, तर सुटतानाची ठिणगी वाचते. डायोड उलटा पडला तर फ्यूज जाईल.

बसवताना आधी बॅटरीचा मायनस काढा, जोडताना तो शेवटी. नट बहुतेक १० नंबरच्या पान्याचे असतात. पाना तोंडाजवळ धरून आवळा, टोकाला धरून जोर लावला की स्टड बेकलाइटमध्ये फिरतो आणि नवाकोरा रिले आतून तुटतो. दोन्ही जाड तारा अदलाबदल झाल्या तर रिलेला फरक पडत नाही. पण बॅटरीच्या स्टडवर गाडीच्या वायरिंगची मध्यम जाडीची तार असेल तर ती चुकून मोटरच्या स्टडवर लावू नका, सगळी गाडी मेल्यासारखी होईल. थिंबलं चकचकीत घासून कोरडी बसवा, आवळून झाल्यावरच वरून व्हॅसलीन लावा आणि रबरी टोपी चढवा.

नंतर सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. आणि नव्या रिलेने मोटर 'सूंsss' करून जोरात फिरतेय पण इंजिन हलत नाही, तर रिलेने त्याचं काम केलंय. दोष स्प्रॅग क्लचचा, म्हणजे मोटरचा फेरा इंजिनला एकाच दिशेने देणाऱ्या भागाचा आहे, आणि त्यासाठी इंजिनचं कव्हर उघडावं लागतं.