उमेदवार पटत नाही, पक्ष सोडवत नाही

अमेरिकेत २०१६ साली ट्रम्प नकोसे झालेल्या रिपब्लिकन मतदारांनी सगळे मार्ग चोखाळून पाहिले. पुन्हा तशीच वेळ आली तर कोणता धरावा, हे ठरवायला ते वर्ष उपयोगी पडतं.

नाक दाबून पक्षालाच मत द्यायचं, तर हिशेब न्यायाधीशांचा. त्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती स्कालिया वारले, सर्वोच्च न्यायालयातली जागा रिकामी झाली आणि ट्रम्प यांनी संभाव्य नावांची यादीच जाहीर केली. गर्भपातविरोधी अनेकांनी माणसाकडे काणाडोळा करून यादीला मत दिलं. पुढे तीन नेमणुका झाल्या, २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क देणारा 'रो विरुद्ध वेड' निकाल रद्द झाला. त्यांचं मत वसूल झालं. मुक्त व्यापारासाठी पक्षात राहिलेल्यांचं नाही. पक्षच जिंकणाऱ्याच्या कलाने गेला.

तिसरा उमेदवार? युटात एव्हन मॅकमलिन यांना २१ टक्क्यांवर मतं पडली, तरी राज्याची सहाही निर्वाचक मतं (अध्यक्ष प्रत्यक्षात ठरतो तो यांवर) ट्रम्प यांनाच. गॅरी जॉन्सन यांना देशभर सुमारे ४५ लाख मतं, निर्वाचक मत एकही नाही. निकाल ठरलेल्याच राज्यात मात्र ही नाराजी निदान आकड्यात दिसते.

ओहायोचे तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर केसिक यांनी मतपत्रिकेवर उमेदवार नसलेल्या मॅकेन या स्वपक्षीय सिनेटरचं नाव लिहिलं. मनाला बरं वाटतं, इतकंच. अनेक राज्यांत आधी नोंदवलेल्या नावाचीच मतं मोजतात.

रकाना कोरा सोडणं मला सर्वांत कमजोर वाटतं, धाकट्या बुश यांनी तेच केलं असलं तरी. मिशिगनमध्ये सुमारे ७५ हजार मतपत्रिकांवर अध्यक्षपदाचा रकाना कोरा होता आणि निकालातला फरक १०,७०४ मतांचा. त्यातले नाराज रिपब्लिकन किती, कोण सांगणार? आपल्या नोटासारखा छापील पर्याय फक्त नेवाडात आहे.

विरोधकाला मत देणं गणिताने सर्वांत जड: इकडे एक कमी, तिकडे एक जास्त. थोरल्या बुश यांनी डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन यांना मत दिलं. त्याच मतपत्रिकेवर सिनेटसाठी आपल्या पक्षाला मत देता येतं, हे रागाच्या भरात विसरू नये. पेनसिल्व्हेनियासारख्या अटीतटीच्या राज्यात खरी निवड पहिल्या आणि या मार्गातच आहे.

स्वस्तातला निषेध पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीतच करता येतो. मे २०२४ मध्ये इंडियानात ट्रम्प यांच्या पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी निकी हेली यांना २१ टक्क्यांवर मतं मिळाली, तेव्हा त्यांनी माघार घेऊन दोन महिने झाले होते. पेनसिल्व्हेनियात मात्र त्यासाठी मतदारनोंदणी रिपब्लिकन म्हणूनच लागते. चिडून ती बदललीत, तर हा मार्ग बंद.