नाकाने शोधलं की नुसत्या टोपीने? प्राणी-गुप्तहेरांची तीन पुस्तकं

मुलांच्या रहस्यकथेत गुप्तहेर प्राणी असला की मुखपृष्ठावर टोपी, भिंग आणि लांब कोट ठरलेला. आत उघडून पाहिलं तर बऱ्याचदा त्या कोटात माणूसच निघतो. कुत्रा माणसासारखे जबाब घेतो, माणसासारखा विचार करत बसतो आणि त्याच्या नाकाला अख्ख्या पुस्तकात काम मिळत नाही. कुत्र्याच्या जागी एखादा बंड्या घातला तरी ओळ बदलावी लागत नाही. म्हणून अशा पुस्तकाची पहिली कसोटी एकच: उलगडा त्या प्राण्याच्या प्राणीपणामुळे होतो का?

लेखकाला कच्चा माल कमी नाही. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 20 ते 30 कोटी, माणसाच्या नाकात साधारण 50–60 लाख. उलट कुत्र्याला लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत. कुत्रा-गुप्तहेर ‘लाल मफलरवाला पळाला’ असं सांगू लागला, की समजावं, लेखकाने अभ्यास केलेला नाही. गव्हाणी घुबडाचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो, त्यामुळे काळोखात नुसत्या खसखशीवरून त्याला जागा कळते. आणि मांजराला गोड चव कळतच नाही. या एका गोष्टीवर सुरेख प्रकरण उभं राहतं: साखरेचे खडे नाहीसे झालेत, सगळ्यांचा संशय मांजरावर, आणि ज्या मुलाला ही माहिती आहे त्याने तिसऱ्या पानावरच मांजराला निर्दोष सोडलंय. असा क्षण मुलाच्या वाट्याला येणं, हीच या प्रकारातल्या पुस्तकाची खरी कमाई.

या कसोटीवर तीन जुनी, नावाजलेली इंग्रजी पुस्तकं.

सर्वांत वरचा क्रमांक 1979 च्या ‘बनिक्युला’चा. लेखक डेबोरा आणि जेम्स हाऊ. एका घरात सशाचं पिल्लू येतं आणि मग भाज्या पांढऱ्याफटक पडू लागतात. टोमॅटो पांढरा, झुकिनी पांढरी, आणि सालीवर दोन बारीक भोकं. चेस्टर हे मांजर रात्री पुस्तकं वाचणारं, त्यामुळे त्याचा निष्कर्ष तयार: ससा रक्तपिपासू, म्हणजे व्हॅम्पायर आहे. सांगणारा आहे हॅरॉल्ड, घरातला कुत्रा, आणि पुस्तकाचं बळ त्याच्यातच आहे. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांत एक असा, की गुप्तहेराच्या सोबत्याची अक्कल वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच, कमी असावी. हॅरॉल्ड त्या मापात नेमका बसतो. तो सगळं पाहतो, सगळं सांगतो आणि अर्थ लावायला थोडा उशीर करतो. तेवढ्या उशिरात आठ वर्षांचं मूल त्याच्या पुढे निघून जातं.

इथे प्राणीपण शक्तीपेक्षा मर्यादेतून येतं. माणसं झोपली की घर या दोघांचं, पण सकाळी माणसांना काही सांगायची सोय नाही. चेस्टर अंगाचा आटापिटा करून खुणा करतो आणि घरच्यांना वाटतं, मांजराचं काहीतरी बिनसलंय. रहस्य लांबवण्याचं इतकं स्वाभाविक कारण फार कमी पुस्तकांत सापडतं.

दोन अडचणी मात्र आहेत. शेवटी कुणी गुन्हा कबूल करत नाही. ‘म्हणजे नक्की काय झालं?’ असं विचारणाऱ्या मुलाला ते खटकेल. दुसरी अडचण मराठीत वाचून दाखवताना येते. रक्तपिपासूला मारायला छातीत टोकदार खुंटा ठोकायचा असतो. इंग्रजीत खुंटा आणि मांसाचा तुकडा या दोहोंचा उच्चार एकच: स्टेक. चेस्टर सशाच्या अंगावर मांसाचा तुकडा आपटत बसतो, तो याच गोंधळातून. ‘खुंटा’ असं भाषांतर केलं की प्रसंग मेला. उपाय सोपा आहे: चार-पाच पानं आधीच ‘स्टेक’चे दोन्ही अर्थ सहज बोलता बोलता सांगून ठेवायचे आणि प्रसंगात शब्द तसाच वाचायचा. नंतर समजावलं तर उपयोग नाही.

‘फ्रेडी द डिटेक्टिव्ह’ हे वॉल्टर आर. ब्रूक्स यांचं, 1932 चं. शेतावरच्या फ्रेडी नावाच्या डुकराची 26 पुस्तकं आहेत, त्यांतलं हे तिसरं. खेळण्यातली आगगाडी चोरीला जाते आणि उंदीर त्या गाडीत बसून धान्यावर धाड घालतात. पत्र्याच्या डब्यात बसलेल्या उंदरावर मांजराच्या नख्या चालत नाहीत. इथे प्रकरणच मुळी प्राण्यांच्या आकारमानातून जन्मलंय. पुढे त्याच मांजरावर आळ येतो, खटला उभा राहतो आणि पिसांचा पुरावा तपासला जातो. तो भाग मुलांना तर्क शिकवायला फार चांगला. पुस्तक मात्र लांब आहे, मधे तुरुंगाचं आणि निवडणुकीचं बरंच चालतं. नऊ वर्षांखालच्या मुलाला ते सलग वाचून दाखवू नये. आगगाडीचं प्रकरण एक आठवडा, खटला पुढचा आठवडा, असं तोडलं की धागा सुटत नाही.

ईव्ह टायटस यांचं ‘बेसिल ऑफ बेकर स्ट्रीट’ 1958 चं. शेरलॉक होम्सच्या घराच्या तळघरात राहणारा उंदीर त्याचंच ऐकून तपास शिकतो. छोटं, चटकन संपणारं, गोड पुस्तक. पण आमच्या कसोटीवर ते मागे पडतं. पद्धत सगळी होम्सची, उंदराच्या मिशांना आणि नाकाला काम थोडं. होम्सकडे जाण्याची पहिली पायरी म्हणून घ्यावं.

मराठीत वाचताना एक खाचखळगा तिन्ही पुस्तकांना लागू आहे, आणि त्याकडे फारसं लक्ष जात नाही. इंग्रजीत ‘कुणीतरी आत आलं’ या वाक्यात कुणाचं लिंग कळत नाही. मराठीत क्रियापद चुगली करतं. संशयितांत खार आणि मैना असताना तुम्ही ‘कुणीतरी खिडकीतून आत शिरला’ म्हणालात, की दोघी आपोआप सुटल्या आणि मुलांनी ते टिपलंसुद्धा. त्याऐवजी ‘कुणीतरी खिडकी उघडली’ म्हणावं. इथे क्रियापद खिडकीच्या मागे जातं आणि चोर लपलेला राहतो. ‘सावली सरकली’ हेही तितकंच सुरक्षित. वाचायच्या आधी चोराच्या हालचालींच्या ओळी पेन्सिलीने खुणावून ठेवल्या तर ऐन वेळी जीभ घसरत नाही.

नवं पुस्तक हातात आलं तर दहा मिनिटांत त्याची परीक्षा होते. आधी उलगड्याचं प्रकरण वाचा. गुप्तहेर ज्या धाग्यांवरून चोर ओळखतो, ते कागदावर लिहा. मग मागे जाऊन शोधा: त्यांतले निदान दोन धागे आधीच्या पानांवर मुलाला दिसलेत का? चोर शेवटच्या प्रकरणात पहिल्यांदाच उगवत असेल किंवा पुरावा गुप्तहेराच्या खिशातून अचानक निघत असेल, तर पुस्तक परत ठेवा. चित्रंही चाळा. मजकुरात चोर अजून अंधारात, पण चित्रात त्याची झुपकेदार शेपटी दिसतेय, ही चूक मुलं पहिल्या नजरेत पकडतात आणि मग त्यांना पुढचं ऐकायचं नसतं. हीच शेपटी मुद्दाम आणि कोपऱ्यात अर्धवट दाखवली असेल, तर मात्र चित्रकाराने निम्मं काम केलंय असं समजा.

संशयित तीन ते पाच पुरेत. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी तीनच बरे, आणि नावांची पहिली अक्षरं वेगळी हवीत. चिकू, चिंटू आणि चिमी एकाच कथेत आले की मूल चोराऐवजी नावंच शोधत बसतं. प्रत्येक प्रकरणानंतर थांबून नावांच्या यादीतलं कुणाला खोडायचं ते मुलाला ठरवू द्या. त्याने चुकीचं नाव खोडलं तरी दुरुस्त करू नका, ते काम पुस्तकाचं आहे.